जुना संगणक, नवा मॉनिटर आणि मधे अडकलेली मराठी



मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत संगणकावर मराठी कशी आली, हा माझ्या पीएचडीचा विषय. विषय सांगितला की आमच्या पालममध्ये एक प्रश्न हमखास येतो. "आमच्याकडं एक जुना कॉम्प्युटर पडलाय. नवा मॉनिटर लावून पाहिला, काहीच दिसंना. बाद झाला का हो?" लग्नपत्रिका छापणारा प्रेस, झेरॉक्स-डीटीपीचं दुकान, शाळेचं ऑफिस, प्रश्न तोच. आणि पडदा काळा राहिला एवढ्यावरच निकाल लागतो. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'निर्लेखित' असा शेरा पडतो, भंगारवाला वजन करतो, विषय संपतो.

आज त्या काळ्या पडद्याबद्दल लिहायचंय. मॉनिटर काळा राहण्यामागं पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजला तर बऱ्याचदा उपायही सापडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या डब्यात मराठी मजकूर असेल तर तो वाचता येण्याचा प्रश्नही पडद्याशीच बांधलेला आहे. कसा, ते पुढं येईलच.

शेत आणि पडदा

आधी जुना, मागं पोट सुटलेला काचेचा मॉनिटर आठवा. त्याच्या आत इलेक्ट्रॉनचा एक किरण असतो. नांगरट चालू असलेलं शेत डोळ्यांसमोर आणा. डाव्या धुऱ्यापासून उजव्या धुऱ्यापर्यंत एक तास, मग दुसरा, मग तिसरा. किरण तसाच चालतो, फरक एवढाच की तो वळून उलटा येत नाही. उडी मारून पुन्हा डाव्या धुऱ्यावर येतो आणि खालचा तास धरतो. शेत संपलं की पुन्हा वरच्या कोपऱ्यात.

आता किरणाला "तास संपला, मागं ये" असं कुणीतरी सांगावं लागतं, आणि "शेत संपलं, वर ये" हेही सांगावं लागतं. हे दोन इशारे संगणकातून येतात. पहिल्याला आडवा सिंक म्हणा, दुसऱ्याला उभा सिंक. सेकंदाला किती तास आणि सेकंदाला किती शेतं, या दोन आकड्यांवर सगळं अवलंबून आहे. संगणक एका वेगानं हाकतोय आणि मॉनिटरला तो वेग माहीतच नाही, असं झालं की पडदा काळा. कधी चित्र तिरकं होऊन पळतं, कधी 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी येते. अशा वेळी दोघंही धडधाकट असतात, फक्त त्यांचं एकमेकांशी जमत नाही.

हे वेग कुठून आले? टीव्हीतून. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्हीही त्याच हिशोबाचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हाचं चित्र ६२५ ओळींचं होतं, सेकंदाला २५ पूर्ण चित्रं. गुणाकार करा: सेकंदाला १५,६२५ ओळी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, चित्र ५२५ ओळींचं. रंगीत टीव्हीचा तिथला आकडा सुमारे १५,७३४. सुरुवातीच्या घरगुती संगणकांना वेगळा मॉनिटर नसायचाच, ते टीव्हीलाच जोडायचे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक गेले. ते यंत्र ब्रिटनचं, म्हणजे ५० हर्ट्झचंच, त्यामुळं आपल्या टीव्हीशी त्याचं जमायचं.

आयबीएमचा पीसी आला १९८१ मध्ये, आणि तिथून घोळ वाढला. त्याच्यासोबत दोन डिस्प्ले कार्डं होती. एक एमडीए: हिरव्या अक्षरांचं, सेकंदाला १८,४३२ ओळी, ५० हर्ट्झ, फक्त मजकूर. दुसरं सीजीए: रंगीत, पण अमेरिकी टीव्हीच्या वेगाचं. १९८२ मध्ये हर्क्युलिस कंपनीनं एमडीएच्याच मॉनिटरवर चित्रंही काढणारं कार्ड आणलं. १९८४ मध्ये ईजीए, सुमारे २१,८०० ओळींचं. आणि १९८७ मध्ये व्हीजीए, सेकंदाला ३१,४६९ ओळी. हा आकडा नीट पाहिलात का? अमेरिकी टीव्हीच्या आकड्याची जवळजवळ दुप्पट. आपल्या हापिसातल्या मॉनिटरच्या पोटात अमेरिकी टीव्हीचा हिशोब बसलेला होता.

व्हीजीएनं आणखी एक मोठा बदल केला. त्याआधीची कार्डं 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगायची. तारेतून ५ व्होल्ट आले म्हणजे आहे. व्हीजीएत रंगाची तार शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत कमीजास्त होते, म्हणून छटा मिळतात. प्लगही बदलला: आधी ९ पिनांचा, आता १५ पिनांचा. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या कंपन्यांनी व्हीजीएला २०१५ पर्यंत निरोप द्यायचं जाहीर केलं. आज दुकानातल्या नव्या मॉनिटरला बऱ्याचदा फक्त एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच असतो. नव्या सपाट पडद्यात किरणही नाही. ठरलेले ठिपके आहेत, आणि आलेला सिग्नल मोजून तो आपल्या यादीतल्या ओळखीच्या वेगांशी ताडून बघायचा एवढंच तो करतो. यादीत सापडला नाही की हात वर.

'पालम' म्हणजे २००, २१८, २०९, २०४

आता मराठीकडं येऊ, कारण खरी गोम इथं आहे.

एमडीए कार्डाच्या पडद्यावर ८० आडवे आणि २५ उभे असे २००० खण असत. छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीसारखे समजा. प्रत्येक खणासाठी संगणक दोनच गोष्टी लक्षात ठेवायचा: अक्षराचा क्रमांक आणि ते ठळक, उलटं की साधं. अक्षराचा आकार फाइलमध्ये नव्हताच. तो डिस्प्ले कार्डावरच्या एका चिपमध्ये कायमचा कोरलेला, २५६ आकारांचा. त्यात इंग्रजी होती, थोडी युरोपीय अक्षरं होती, चौकटी काढायच्या रेघा होत्या. देवनागरी नव्हती. आणि एका खणात एक आकार हा हिशोब आपल्याला पुरणाराही नव्हता. वर रफार, खाली उकार, मधे जोडाक्षर, हे सगळं कुठं बसवायचं?

यावर काम झालं कानपूरच्या आयआयटीत आणि मग पुण्यात. कानपूरला १९८३ च्या सुमारास देवनागरी टर्मिनल तयार झालं होतं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, विजय भटकर तिचे संचालक. महासंगणक 'परम' मुळं सी-डॅक सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच वर्षी 'जिस्ट' हा भाषांचा गटही कानपूरहून तिथं आला, मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली. या गटाचं जिस्ट कार्ड पीसीच्या आत बसायचं. वर्डस्टार, लोटस १-२-३, डीबेस असल्या, मराठी हा शब्दही माहीत नसलेल्या प्रोग्रॅमांमध्ये मग मराठी टाइप करता यायची आणि पडद्यावर मराठीच दिसायची. प्रोग्रॅमला वाटायचं आपण आकडे हाताळतोय. आकड्यांचं देवनागरी व्हायचं ते थेट पडद्याच्या वाटेवर.

ते आकडे ठरवणारं प्रमाणक म्हणजे इस्की. भारतीय मानक ब्यूरोनं ते १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून पक्कं केलं. त्यात 'क' म्हणजे १७९, 'ह' म्हणजे २१६. आता आपल्या गावाचं नाव लिहून बघा. प २००, काना २१८, ल २०९, म २०४. चार आकडे, झालं 'पालम'.

हीच फाइल जिस्ट नसलेल्या साध्या डॉस संगणकावर उघडली तर? आयबीएमच्या मूळ चिपमध्ये १७९ ते २१८ हे सगळे क्रमांक चौकटी काढायच्या रेघांचे आहेत. म्हणजे आपली क पासून ह पर्यंतची सगळी व्यंजनं नेमकी त्या रेघांवर येऊन पडतात. 'पालम' च्या जागी दिसेल दुहेरी रेघेचा खालचा डावा कोपरा, मग एकेरी रेघेचा वरचा डावा कोपरा, मग आडव्या दुहेरी रेघेला लटकलेली एक दांडी, मग उभ्या दुहेरी रेघेतून उजवीकडं फुटलेला फाटा. सगळं पान म्हणजे मोडक्या खिडक्यांचा ढीग. बघणारा म्हणणार, फाइल करप्ट झाली, डिलीट करा. अन् फाइल तर एकदम ठणठणीत.

म्हणून मी म्हणते की त्या काळातल्या मराठीचा इतिहास लिहायचा तर पडद्याला सोडून लिहिता येत नाही. कागदावर अक्षर आणि त्याचा आकार एकत्र असतात. या यंत्रांत अक्षर डिस्कवर होतं आणि आकार पडद्याच्या वाटेवर. वाट तुटली की अक्षर असून नसल्यासारखं.

"हार्ड डिस्क काढून घेतली की झालं ना?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि पहिलं काम तेच करावं. जुनी आयडीई डिस्क साध्या यूएसबी ॲडॉप्टरनं आजच्या लॅपटॉपला लावता येते. पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा, मग बाकीची खटपट. इस्कीतल्या फाइली युनिकोडमध्ये बदलणंही अवघड नाही, कारण युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच घेतली आहे.

तरीही पडदा लागतो, तीन कारणांनी. पहिलं, अगदी जुन्या, एक्सटी किंवा सुरुवातीच्या २८६ यंत्रांतल्या डिस्का आयडीई नसतात. त्या आपल्या कंट्रोलर कार्डासकट त्याच यंत्रात चालतात. दुसरं, विंडोजचा काळ आला तसे मराठी फॉन्ट वेगवेगळ्या कंपन्यांचे झाले आणि प्रत्येकानं अक्षरांना आपापले क्रमांक दिले. फॉन्ट गेला की मजकूर गेला. त्यातल्या कित्येक सॉफ्टवेअरना हार्डवेअर लॉक असायचा, प्रिंटरच्या पोर्टला लावायचा एक छोटा ठोकळा. तो ठोकळा आणि ते यंत्र एकत्र असेल तरच प्रोग्रॅम उघडणार. तिसरं कारण संशोधकाचं: रूपांतर बरोबर झालं की नाही हे ताडून बघायला मूळ पडद्यासारखा साक्षीदार नाही. आडनावातला रफार इकडचा तिकडं झाला की माणूसच बदलतो.

मग करायचं काय?

आधी यंत्राच्या मागं बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कुठली तार कुठं होती याचा. मगच हात लावा.

मागं १५ छिद्रांचा, तीन रांगांचा सॉकेट दिसला तर नशीब चांगलं, ते व्हीजीए आहे. व्हीजीए पोर्ट असलेला एखादा जुना सपाट मॉनिटर मागून आणा. नव्यापेक्षा तो बरा. चालू केल्यावर आवाज ऐका. एक लांब आणि दोन आखूड 'पीं' आले तर बऱ्याच यंत्रांत ती डिस्प्ले कार्डाची तक्रार असते. वीज बंद करून कार्ड काढा, पट्टीवरचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसा, पुन्हा घट्ट बसवा.

चालू होताना अक्षरं दिसली, पण विंडोज सुरू झालं की 'आउट ऑफ रेंज' आलं, तर कारण बहुधा साधं असतं. जुन्या काचेच्या मॉनिटरसाठी कुणीतरी रिफ्रेश ७५ किंवा ८५ हर्ट्झ करून ठेवलेला असतो. तेव्हा डोळ्यांना बरं वाटायचं. सपाट पडद्याला तो झेपत नाही. चालू होतानाच एफ-८ दाबा, सेफ मोडमध्ये जा (एक्सपी असेल तर 'व्हीजीए मोड' असाही पर्याय दिसतो), आणि ६४० बाय ४८०, ६० हर्ट्झवर आणून ठेवा. पडदा परत येतो.

याच्या उलट, विंडोज दिसतं पण डॉसची काळी पाटी दिसत नाही किंवा धूसर, ताणलेली दिसते, असंही होतं. व्हीजीएचा मजकुराचा मोड ७२० बाय ४०० चा आणि ७० हर्ट्झचा असतो. हा वेग काही नव्या मॉनिटरांच्या यादीत नसतो, काहींच्या यादीत असूनही ते त्याला दुसराच मोड समजतात. सेटिंगमध्ये काही बिघडलेलं नसतं; दुसरा मॉनिटर लावून बघणं हाच स्वस्त उपाय.

मॉनिटरला एचडीएमआयच असेल तर कन्व्हर्टर लागेल, आणि इथं खरेदी करताना नीट बघा. बाजारात सहज मिळतो तो एचडीएमआयकडून व्हीजीएकडं जाणारा, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचा. आपल्याला उलटा हवा: व्हीजीए आत, एचडीएमआय बाहेर. दिसायला दोन्ही सारखेच. दुकानदाराला दिशा स्पष्ट सांगा. आणि नुसती वायर नको, आत सर्किट असलेला, यूएसबीतून वीज घेणारा हवा.

मागं ९ छिद्रांचा सॉकेट असेल तर सावकाश. आधी तो खरंच डिस्प्लेचा आहे का ते पाहा: पीसीच्या बाजूला छिद्रं असतील तर डिस्प्ले, बाहेर आलेल्या पिना असतील तर बहुधा माउस-मोडेमचा सिरीअल पोर्ट. आता ९ चं १५ करणारी वायर बनवून व्हीजीए मॉनिटर लावायचा मोह होतो. तो आवरा. व्होल्टेज वेगळं, ओळींचा वेग वेगळा. हिरव्या अक्षरांचा मूळ मॉनिटर चालू असेल तर तोच वापरा, पण तो सीजीए कार्डाला लावू नका; त्याला एकच वेग झेपतो, भलत्या वेगानं हाकला तर जळूही शकतो. मूळ मॉनिटर गेला असेल तर आरजीबी-टू-एचडीएमआय नावाचं एक छोटं उघड्या आराखड्याचं सर्किट आहे, रास्पबेरी पाय झीरोवर चालणारं. इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी ते मुळात बीबीसी मायक्रोसाठी, म्हणजे आपल्या 'क्लास' शाळांतल्या त्याच यंत्रासाठी बनवलं. आता ते एमडीए, सीजीए, ईजीएही समजून घेतं.

एक सोपा मार्ग असाही सुचवला जातो की जुनं कार्ड काढून व्हीजीए कार्ड बसवा. यंत्र चालवण्यापुरतं ते ठीक. पण आत जिस्ट कार्ड असेल तर काढायच्या आधी थांबा. देवनागरीचा आकार तिथंच आहे.

हे सगळं कशासाठी?

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातल्या नोंदी उर्दूत, काही मोडीत. भाषा बदलली, राज्य बदललं, आणि ते कागद दप्तरांत बांधून पडले. कुणालाही त्यांची गरज नव्हती. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि एकाएकी त्याच दप्तरांना महत्त्व आलं. मोडी वाचणारा कोण, उर्दू वाचणारा कोण, अशी शोधाशोध झाली. एका ओळीवर घरातल्या पोराच्या दाखल्याचा प्रश्न अडकलेला. त्या बाजूला वा या बाजूला तुमचं मत काहीही असो, एक गोष्ट सगळ्यांना दिसली: कागद टिकला होता म्हणून वाचणारा शोधता आला.

१९८८ ते २००० या काळातली मराठी अशीच एका लिपीत आहे. तिचं नाव मोडी नाही, इस्की आहे, किंवा एखाद्या बंद पडलेल्या फॉन्टचं आहे. त्यात पतसंस्थांच्या याद्या असतील, शाळांचे निकाल, गावच्या दिंडीच्या पत्रिका, स्थानिक साप्ताहिकांचे अंक, कुणाच्या आजोबांनी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली वंशावळ. छापलेलं काही उरलं, बरंचसं नाही. कागदाला वाळवी लागायला वर्षं लागतात. संगणकाला भंगारात जायला एक दिवाळीची साफसफाई पुरते.

म्हणून एवढंच मागणं आहे. तुमच्या दुकानात, शाळेत, माळ्यावर असा डबा असेल तर काळा पडदा बघून निकाल देऊ नका. मागच्या सॉकेटची छिद्रं मोजा, प्रिंटरच्या पोर्टला चिकटलेला ठोकळा असेल तर फेकू नका, आणि विकायचंच असेल तर आधी डिस्कची प्रत काढून घ्या. फाइल उघडल्यावर मोडक्या खिडक्या दिसल्या तर घाबरू नका. ती बहुधा मराठीच आहे.

पुढच्या लेखात या खिडक्यांमधून पुन्हा देवनागरी कशी काढायची, ते एक-एक पायरी करून दाखवते. तोवर तुमच्याकडच्या यंत्राच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. त्याच फोटोपासून सुरुवात करू.